आधी डबा, मग गाडी: पुण्यात वापरलेला कॅम्पर आणि तो वाहणारी पिकअप घेताना

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन 'कॅम्पर बघायचाय' म्हणालात, तर तुमच्यापुढे हमखास महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणून उभी करतील. ती डबल केबिनची मालवाहू पिकअप आहे. झोपायची सोय तिच्यात नसते. इंटरनेटवर शोधलंत तरी तीच समोर येते. गोंधळ नको म्हणून पिकअपच्या हौद्यात ठेवायच्या आणि हवी तेव्हा उतरवायच्या झोपायच्या खोलीला आपण इथे सरळ 'डबा' म्हणू.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिथल्या आठ फुटी हौद्यावरचा पक्क्या भिंतींचा डबा रिकामाच हजार किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतो आणि तो वाहायला फोर्ड एफ-३५० सारखे दांडगे ट्रक असतात. तिथले व्हिडिओ बघून मनात शॉवर, टॉयलेट आणि दोनशे लिटर पाण्याची टाकी आली असेल, तर ती तिथेच ठेवा. आपल्या बहुतेक पिकअपची सगळी मिळून ताकदच एक-सव्वा टनाची. आपल्याकडचे बहुतेक डबे भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या फॅब्रिकेटरने कुणाच्या तरी एका विशिष्ट गाडीच्या मापाने बनवलेले असतात. त्यावर कंपनीची पाटी नाही, वजनाचा स्टिकर नाही, आत काय घातलंय याचा नकाशा नाही. माप, वजन आणि तपासणी सगळी घेणाऱ्यानेच करायची.

बहुतेक जण पिकअप आधी घेतात आणि मग तिच्यावर बसणारा डबा शोधत फिरतात. हे उलटं करा. जुन्या पिकअप पुण्यात शेकड्याने मिळतात, जुने डबे मात्र मोजकेच. डब्याचं वजन, लांबी आणि त्या वजनाचा मध्य कुठे पडतो हे एकदा बनल्यावर बदलत नाही. गाडी मात्र निवडता येते.

वजनाचा हिशेब

विकणारा म्हणतो, 'हलका आहे हो, तीनशे किलो असेल.' या 'असेल'वर पैसे देऊ नका. डबा काट्यावर न्या. मार्केट यार्ड, निगडीची वाहतूक नगरी, चाकण, कुठेही ट्रकचा वजनकाटा सापडतो. डबा विकणाऱ्याच्याच गाडीवर बसलेला असेल तर गाडी डब्यासकट एकदा आणि डबा उतरवून एकदा तोलायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे डबा. डबा चार कोपऱ्यांच्या जॅकवर नुसताच उभा असेल तर तासाभरासाठी एखादी पिकअप भाड्याने घ्या. मोठा काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, त्यामुळे वीस किलोची चूक धरून चाला. तोलताना टाकीत पाणी किती होतं, सिलेंडर आत होता का, गादी होती का, हे पावतीच्या मागेच लिहून ठेवा. घरी येईपर्यंत ते विसरतं.

काट्यावर न्यायला कुणी नाखूष असेल तर अंदाजही बांधता येतो. २.४ मीटर लांब, १.६ रुंद आणि १.८ उंच डब्याच्या भिंती, छत आणि तळ मिळून साधारण २२ चौरस मीटर पत्रा लागतो. ४ मिलिमीटरचा एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) चौरस मीटरला साधारण साडेपाच किलो, म्हणजे सव्वाशे किलो आले. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा असलेलं ५० मिलिमीटरचं पफ (मध्ये फोम भरलेलं) पॅनेल वापरलं असेल तर चौरस मीटरला १० किलो, म्हणजे एकदम सव्वादोनशे. सांगाड्यासाठी २५ बाय २५, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला जवळपास दीड किलो. साठ मीटर पाइप लागला तर ८५-९० किलो. तोच पाइप अॅल्युमिनियमचा असेल तर एक तृतीयांश. पण खरा चोर असतो तो आतला सुतार. १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक ताव ३५ ते ४० किलोचा. बेड, ओटा, वरची कपाटं, सगळं घरातल्या मॉड्युलर किचनसारखं १८ मिलिमीटरमध्ये केलेलं दिसलं, तर फर्निचरचेच दीड-दोनशे किलो धरा. चांगल्या डब्यात १२ किंवा ९ मिलिमीटर प्लाय असतो आणि कपाटांना लाकडी दारांऐवजी जाळी किंवा कापड.

आता गाडीची बाजू. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोन्हींची वजाबाकी ही तुमची कागदावरची मर्यादा. मात्र आरसीवरच्या रिकाम्या वजनावर फार विसंबू नका, कारण मधल्या मालकाने पुढे लोखंडी गार्ड, वर कॅरिअर, हौद्यात जाड चेकर्ड प्लेट घातलेली असते. डिझेलची टाकी फुल्ल करून गाडी स्वतंत्र तोला आणि कमाल वजनातून तो आकडा वजा करा.

समजा एक हजार किलो उरले. चार माणसं सत्तर किलोंच्या हिशेबाने २८० किलो. राहिले ७२०. त्यातला दहा टक्के भाग हात न लावता सोडायचा, कारण ओली ताडपत्री, वाटेत घेतलेली आंब्याची पेटी आणि चुकलेला काटा यांचं वजन कुठेतरी जमा व्हायलाच हवं. हातात आले साधारण ६५०. डबा ४२०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, लिथियम बॅटरी, सोलर पॅनेल आणि वायरिंग मिळून ४५, शेगडी आणि छोटा सिलेंडर २०, गाद्या, भांडी, शिधा, कपडे ८०. बेरीज ६२५. बसलं, पण काठावर बसलं. डबा ५५० किलोचा असता तर बसलं नसतं, आणि बऱ्याचदा तो तेवढाच निघतो.

यावर 'मागे एक पाटा वाढवू', म्हणजे स्प्रिंगची एक पट्टी वाढवू, असा उपाय कोणीतरी सुचवेलच. जादा पाट्याने गाडी मागून बसलेली दिसत नाही, एवढंच होतं. अॅक्सल, हब, ब्रेक, टायर, चासी सगळं पूर्वीचंच राहतं आणि आरसीवरचा आकडाही तोच. वर एक उपद्रव होतो: मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असलेल्या पिकअपमध्ये हा व्हॉल्व्ह चासी आणि अॅक्सल यांच्यातल्या अंतरावरून ओझं ओळखतो. पाटा वाढवला की मागची बाजू उचलली जाते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. म्हणजे ओझं जास्त आणि ब्रेक कमी. पाटा बदललाच असेल तर व्हॉल्व्हची दांडी पुन्हा जुळवून घ्यायला हवी. हे काम बहुधा कुणीही केलेलं नसतं.

कुठली गाडी?

दोघांसाठी आणि लांब डब्यासाठी सिंगल केबिनची बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा. सपाट हौदा, मध्ये चाकांचे उंचवटे नाहीत, साधारण नऊ फूट लांबी आणि सव्वा टनाच्या आसपास वाहायची ताकद. सात-आठ फुटी डबा आडव्या बेडसकट त्यात सुखाने मावतो आणि केबिनवर काही चढवावं लागत नाही. चौघांसाठी बोलेरो कॅम्पर किंवा योद्धा क्रू केबिन. पण मग हौदा जेमतेम पाच फुटांचा उरतो, बेड केबिनच्या टपावर काढावा लागतो आणि वजन वर सरकतं. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स चालवायला सुखाच्या आणि पांढऱ्या पाटीच्या, पण पाच माणसं बसली की हौद्यासाठी फार काही शिल्लक राहत नाही. त्यांच्यावर पक्क्या भिंतींचा डबा चढवू नका. कापडी भिंतींचा, छत वर उचलता येणारा हलका डबा किंवा टपावरचा तंबू एवढंच त्यांना झेपतं. टाटा एस आणि तिच्या आकाराच्या गाड्यांचा विचार घाटात पहिल्याच चढाला संपतो.

पिवळ्या पाटीचा एक मुद्दा गाडी घेण्याआधी उरकून टाका. कित्येक सोसायट्या मालवाहू गाडी आत लावू देत नाहीत. चेअरमनशी आधी बोला. आणि पार्किंगची उंची मोजा: हौद्याचा तळ जमिनीपासून साधारण ८०-९० सेंटिमीटर, त्यावर १.८ मीटरचा डबा, म्हणजे गाडी पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. स्टिल्ट पार्किंगमध्ये ती शिरत नाही. डबा उतरवून ठेवायलाही जागा लागणार आहे, आणि ती सपाट आणि कडक हवी. मातीत जॅकचा पाय पावसात रुततो.

डब्याचा मोठा शत्रू: पाणी

डबा पावसाळ्यात बघा. जुलैत ताम्हिणीत दोन दिवस उभा राहिलेला डबा काही लपवू शकत नाही. एप्रिलमध्ये शेडखाली ठेवून आतून नवा रंग मारलेला डबा सगळं लपवतो. उन्हाळ्यातच घ्यायचा झाला तर बागेच्या पाइपने पाणी मारा: खालून सुरुवात करून वर जा, प्रत्येक भिंतीला पंधरा-वीस मिनिटं, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा, कपाटांची दारं उघडी, गाद्या बाहेर.

पाणी कुठून शिरतं हे ठरलेलं आहे. छत आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेवरून, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून, मागच्या दिव्यांच्या वायरच्या भोकातून, सोलर पॅनेलच्या स्क्रूंमधून आणि केबिनवर पुढे आलेल्या बेडच्या खालच्या बाजूने. हा शेवटचा भाग सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. पळत्या गाडीत समोरून येणारा पाऊस टपावरून उसळून बेडच्या पोटाला आपटतो. तिथे खालून हात फिरवा, अंगठ्याने दाबत जा. प्लाय दबला किंवा ठोकल्यावर आवाज भरीवऐवजी पोकळ आला, तर बेडची फळी कुजली आहे आणि हे काम बाहेरून पट्टी मारून भागत नाही. पुढचा भाग उघडावा लागतो.

बाहेरून रिव्हेट बघा. पॉप रिव्हेटच्या खाली काळपट ओघळ दिसत असेल तर तो रिव्हेट हलतो आहे. घासून अॅल्युमिनियमची भुकटी होते आणि पाण्याबरोबर खाली उतरते. एखाददुसरा ओघळ चालेल; एकाच रेषेत सात-आठ असतील तर आतला सांगाडा त्या ठिकाणी लवतो आहे. लोखंडी पाइपवर थेट अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला असेल आणि मध्ये रबर किंवा टेप नसेल, तर ओलाव्यात दोन्ही धातूंची आपसात झीज होते. कडेला पांढरी पूड आणि फुगलेला रंग दिसला की समजा.

सांध्यांमध्ये काय भरलंय ते नखाने उचकून बघा. दुधी, रबरासारखं सिलिकॉन भरभरून थापलेलं दिसलं तर गळती होऊन गेली आहे आणि ती वरवर दाबलेली आहे. सिलिकॉनवर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. ते सगळं खरवडून, सांधा स्वच्छ करून पीयू सीलंट भरावं लागतं आणि पत्र्याच्या मध्ये ब्युटाइल टेप. हे काम दोन दिवसांचं आहे. भाव करताना ते धरा.

गॅस आणि वीज यांत फार वेळ घालवू नका, पण चार गोष्टी सोडू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि तो कप्पा आतल्या बाजूने बंद हवा. रबरी नळीवरचं साल वाचा. पाच वर्षं झाली असतील तर काढून टाका. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवा, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली तर आग थांबवायला मध्ये काहीच नसतं. आणि बॅटरी कुठली ते बघा: इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी साठ किलोच्या घरात जाते, शंभर अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बारा-तेरा किलोंत बसते आणि वापरायला वीजही जवळपास तेवढीच देते.

पिकअपच्या पूर्वजन्माची चौकशी

गाडी किती किलोमीटर पळाली यापेक्षा तिने काय वाहिलं हे महत्त्वाचं. टेम्पोचं मीटर फार काळ खरं बोलत नाही. भाजीवाल्याची गाडी पहाटे पळते, भरते मर्यादेबाहेर. वाळू-विटांच्या गाडीचा हौदा आतून चेचलेला असतो. पाण्याच्या जारची गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते, क्लच आणि स्टार्टर खाते. सगळ्यात टाळण्यासारखी म्हणजे कोकणातून मासळी आणणारी. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून ठिबकत चासीवर पडतं आणि चासी आतल्या बाजूने गंजते. बाहेरून काळा रंग मारला की वास जातो, गंज नाही. चासीच्या भोकात बोट घालून फिरवा; बोटाला पापुद्रे लागले तर पुढची गाडी बघा.

आता एक गोष्ट नीट, वेळ काढून बघायची. गाडी सपाट जागी उभी करा आणि बाजूने दहा पावलं मागे या. केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात एक फट असते. ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वर रुंद आणि खाली निमुळती दिसली, तर हौदा मागे कलला आहे, म्हणजेच केबिनच्या मागे चासी वाकली आहे. वर्षानुवर्षं मागच्या टोकाला ओझं लादल्याचा हा पुरावा. पट्टीने वर आणि खाली मोजा, दोन्ही बाजूंनी. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक हौद्याच्या रबरांचा असू शकतो, दहाचा नाही. मग खाली झोपून टॉर्चने मागच्या पाट्याचा पुढचा ब्रॅकेट आणि केबिनच्या मागचा चासीचा भाग बघा. तिथे केसासारखी रेघ, वेल्डिंगचा ताजा ठिपका किंवा एकाच जागी चोपडलेला नवा काळा रंग दिसला की सौदा तिथेच संपतो. डबा हे असं ओझं आहे की ते चोवीस तास तिथेच बसून राहणार आणि प्रत्येक खड्ड्यात हिंदकळणार.

पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे हवेत. एका बाजूचा नवा आणि एका बाजूचा जुना असेल तर मध्ये एक तुटला होता. यू-बोल्टची टोकं, शॅकलचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट हाताने हलवून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी डब्याखाली नको. टायरच्या मापापुढे भाराचा अंक असतो; १०४ म्हणजे ९०० किलो, म्हणजे मागचे दोन टायर मिळून १८०० किलो. मागे रिमोल्ड टायर असतील तर ते बदलण्याचा खर्च सौद्यातून वजा करा.

इंजिन सकाळी, रात्रभर थंड झालेलं बघायचं. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. बॉनेट गरम लागलं तर परत फिरा. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच ठेवा. ते थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडत असेल आणि खालून धुराचा झोत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत.

मग कात्रजचा जुना घाट. बायपासचा नवा बोगदा टाळून जुन्या बोगद्यापर्यंत चढवा, पहाटे सहा-साडेसहाला, गर्दी सुरू होण्याआधी. हौद्यात सिमेंटच्या दहा गोण्या टाकू दिल्या तर उत्तम, ते बरोबर ५०० किलो होतात. चढताना तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जातो का, क्लच घसरून इंजिन नुसतंच ओरडतं का, गिअर उडून न्यूट्रल होतो का, हे बघा. उतरताना दुसऱ्या गिअरवर सोडा आणि मध्ये दोन-तीनदा ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली तर त्या विरुद्ध बाजूचा ब्रेकचा लायनर किंवा सिलेंडर गेला आहे. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतो आहे.

कागद

मालवाहू गाडीचे कागद मोटारीपेक्षा जास्त. पासिंगची तारीख पहिली बघा. नवीन गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. त्यानंतर पर्यावरण कर भरलाय का, ई-चलन किती थकली आहेत, बँकेचा बोजा आरसीवर आहे का, ते एमपरिवहन अॅपवर तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. एमएच १२ ची गाडी एमएच १४ च्या पत्त्यावर जात असेल तर कुठल्या आरटीओत कागद द्यायचे ते आधी ठरवा. कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका. १ एप्रिल २०१९ आधीच्या नोंदणीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसलेली हवी. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला टाका.

कमाल वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, १.७ टनी पिकअप त्याच्या वर जाते. लायसन्सची चिंता नको: साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलं.

डबा आणि कायदा यांचं नातं एका प्रश्नावर ठरतं: तो निघतो का? पट्ट्यांनी बांधलेला, चार जॅकवर उतरणारा डबा हे हौद्यातलं सामान. चासीला वेल्डिंग केलं, केबिनची मागची भिंत कापून आत वाट काढली, की तो गाडीतला बदल झाला आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी आधी लागते. कायमस्वरूपी मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था अशाच चाचण्या करते, पण घरगुती डब्याच्या मालकाने त्या वाटेला जायचं कारण नाही. सामान म्हणून नेतानाही केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ लागू होतो: ओझं हौद्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर येता कामा नये, गाडीच्या मागच्या टोकापलीकडे जाता कामा नये. म्हणून हौद्यापेक्षा रुंद किंवा मागे दोन फूट लोंबणारा डबा घेऊच नका, कितीही ऐसपैस वाटला तरी. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेही बघा. डब्याचं बिल, काट्याची पावती आणि डबा उतरवलेल्या गाडीचा फोटो डॅशबोर्डमध्ये ठेवा. आणि गाडी चालू असताना डब्यात कुणीही बसायचं नाही. अपघात झाला तर मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या माणसाला विमा कंपनी बाहेर काढते. पोलिसांचं तर पुढेच.

चढवणं आणि बांधणं

जॅकची जोडी बघताना हा नियम लावा: उंचसखल जमिनीवर डबा बऱ्याचदा तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरच तोलला जातो, म्हणून प्रत्येक जॅकची क्षमता भरलेल्या डब्याच्या निम्म्या वजनाहून जास्त हवी. दोन बाजूंच्या जॅकमध्ये गाडीच्या रुंदीपेक्षा वीस सेंटिमीटर तरी जास्त जागा हवी. उचलताना एका कोपऱ्याला एकदम वर नेऊ नका. चारही जॅक पाच-पाच सेंटिमीटरने फिरवत जा. वाऱ्याच्या दिवशी हा उद्योग करू नका.

गाडी मागे घेताना एक माणूस बाजूला उभा, आणि त्याने 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं नाही, अंतर बोलायचं: 'दोन फूट, एक फूट, वीत.' तळाशी ६ ते ८ मिलिमीटरचा रबर मॅट अंथरा. डबा आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात लाकडी गुटके घट्ट बसवा. कचकन ब्रेक लावला तर ४२० किलोचा डबा तीनशे किलोंहून जास्त जोराने पुढे रेटतो आणि तो जोर पट्ट्यांनी नव्हे, गुटक्यांनी पेलायचा असतो. बेडचा पोटाचा भाग आणि केबिनचा टप यांच्यात किमान तीन-चार इंच मोकळे हवेत. केबिन आणि हौदा खड्ड्यात वेगवेगळे हलतात. चार टर्नबकल किंवा रॅचेट बेल्ट चासीला जोडलेल्या हुकांमध्ये अडकवा. फाळक्याच्या कड्यांना आणि दोरी बांधायच्या हुकांना नको. ते पत्र्याला डकवलेले असतात, ताण आला की उपटतात.

आता पुन्हा काटा, यावेळी अॅक्सलचा. पूर्ण गाडी तोला, मग नुसती पुढची चाकं काट्यावर घेऊन तोला. हेच डबा नसताना करून ठेवलेलं हवं. समजा रिकामी गाडी पुढे ८५०, मागे ७००. डबा चढवल्यावर पुढे ८७०, मागे १०८०. डबा ४०० किलोचा, त्यातले ३८० मागच्या अॅक्सलवर गेले. ३८० भागिले ४०० गुणिले दोन चाकांमधलं अंतर, ते ३ मीटर धरलं तर २.८५ मीटर. म्हणजे वजनाचा मध्य पुढच्या चाकांपासून २.८५ मीटरवर, मागच्या अॅक्सलच्या पंधरा सेंटिमीटर पुढे. उत्तम. पुढचा आकडा ८५० वरून ८१० वर आला असता, तर मध्य मागच्या अॅक्सलच्या मागे गेला असता, पुढची चाकं हलकी झाली असती आणि घाटात स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ निघाली असती. अशा वेळी पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढे, केबिनच्या भिंतीला चिकटवा. तरी आकडा सुधारला नाही, तर तो डबा या गाडीचा नव्हे. आखूड हौद्याच्या गाड्यांवर हे फार होतं.

पहिल्या फेरीला टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या पाटीवर दिलेल्या दाबाप्रमाणे भरा. बेल्ट ताणून बसले तरी पहिल्या दहा किलोमीटरमध्ये रबर दबतं आणि ते सैल पडतात, त्यामुळे कात्रज ओलांडलं की थांबून एकदा आवळायचे आणि खेड शिवापूरच्या आसपास पुन्हा.